अजगर युवराजाचा घास

एका राज्यात पाहुण्याच्या पानावर हात आखडणे हे मोठे पाप मानीत. राजवाड्यात पंगत बसली की वाढपी "पुरे" हा शब्द ऐकून न ऐकल्यासारखा करीत, आणि ज्याला जेवणानंतर आधाराशिवाय उठवत नसे त्याचा योग्य सन्मान झाला असे समजत. त्या राज्यावर राणी अंशुमतीचा अंमल होता. तिचा पती लढाईत पडला होता. मुले दोन: थोरला युवराज रत्नांगद, धाकटी राजकन्या मृणालवती.

एके वर्षी पाऊस फिरकला नाही. विहिरींनी तळ गाठला, गुरे उभ्या जागी कोसळू लागली. त्याच वर्षी युवराजाचा अभिषेक होता. मुहूर्त टळू नये म्हणून राणीने राखीव कोठारे उघडली आणि पंगत मांडली.

पंगत ऐन रंगात असताना काळजंघ नावाचा मांत्रिक राजद्वारी आला. खांद्यावर त्याची लहानगी मुलगी होती. हा मांत्रिक खडकातून ठिणगी आणि ठिणगीतून वाघ काढीत असे. मूठभर तांदूळ काढण्याची विद्या मात्र त्याच्यापाशी नव्हती.

"राणी," तो म्हणाला, "पोर भुकेने मान टाकते आहे. मूठभर भात दे."

राणीने सज्जातून खाली पाहिले. पाहुणे उठेपर्यंत शीतही दाराबाहेर जाऊ द्यायचे नाही, अशी त्या घराण्याची रीत होती.

"थांब," राणी म्हणाली. "पंगत उठली की पहिले पान तुझेच."

ती दुष्ट नव्हती. तिने पान वेगळे काढायलाही सांगितले. पण पंगत लांबली. पाहुण्यांना आग्रह होत राहिला, आणि पाहुणे घेत राहिले. शेवटचा पाहुणा हात धुवायला गेला तेव्हा राणी स्वतः भाताचे पान घेऊन दाराशी आली. मुलगी बापाच्या मांडीवर निजल्यासारखी दिसत होती. तिचा श्वास थांबला होता.

काळजंघ रडला नाही. तो म्हणाला, "माझी पोर तुझ्या दारात उपाशी मेली. तुझा मुलगा तुझ्या हातचे खाऊन मरेल."

अमात्यांनी पाय धरून उःशाप मागितला.

"तो मला ठाऊक नाही," काळजंघ म्हणाला, "आणि मला तो नकोही आहे." मुलीला उचलून तो निघून गेला.

त्याच क्षणी चौरंगावर बसलेल्या युवराजाच्या अंगावरची शाल सैल पडली. शालीखालून एक अजगर बाहेर आला. मनगटाएवढा जाड, पाठीवर तपकिरी ठिपके, पापण्या नसलेले डोळे. पाहुणे किंचाळत पळाले. राणीने मात्र त्या सापाला दोन्ही हातांनी उचलले आणि उराशी धरले.

त्याच्यासाठी तिने वाड्याच्या दक्षिणेला दालन बांधवले. उन्हाने तापतील अशा फरश्या, पोहायला दगडी कुंड, आणि चढायला मध्यभागी वाळलेल्या चिंचेचे एक झाड उभे केले. मग तिने त्याच्यापुढे ससा सोडला. अजगराने झेप घेतली, विळखा घातला, ससा गिळला. राणीला वाटले, मुलाने आपल्या हातचे खाल्ले. तिला भरून आले. दुसऱ्या सकाळी तिने दुसरा ससा नेला. तोही त्याने गिळला.

मग रोजचेच झाले. सशांमागून करडे आली, करडांमागून मोठे बोकड. पुढच्या वर्षी पाऊस पडला, तेव्हा लोक म्हणू लागले, युवराज तृप्त आहे म्हणून मेघ प्रसन्न आहेत. गावोगावहून लोक बकऱ्या घेऊन येऊ लागले. दालनाबाहेर बें-बें करणाऱ्या जनावरांची रांग लागे, आणि अजगर कशालाच नाही म्हणत नसे.

त्याचे अंग पखवाजासारखे फुगले. डोके मात्र लहानच राहिले. पाठीचे खवले एकमेकांपासून सरकले आणि मधली फिकट कातडी उघडी पडली. वळताना कुशीला घड्या पडत. श्वास घेताना छातीतून शीळ निघे, आणि ती शीळ भिंतीपलीकडेही ऐकू येई.

राजकन्या मृणालवती रोज दुपारी भावापाशी बसत असे. एके दुपारी अजगर चिंचेच्या झाडावर चढू लागला. पहिल्या फांदीपर्यंत तो पोहोचला, आणि स्वतःच्याच भाराने खाली आदळला. पुन्हा चढला, पुन्हा आदळला. तिसऱ्यांदा त्याने नुसते डोके खोडाला टेकवले आणि तो तसाच पडून राहिला.

मृणालवती उठून राणीकडे गेली.

"आईसाहेब, दादा आजारी आहे."

"तो वाढतो आहे."

"तो फुगतो आहे. त्याला हलवत नाही."

"मी घास पुढे करते आणि तो तोंड उघडतो," राणी म्हणाली. "भूक नसती तर उघडले असते?"

मग मृणालवती रानात गेली; अजगर रानात कसे जगतात हे जाणणारे कुणीतरी रानातच भेटेल, असा तिचा विचार. पहिले रान काट्यांचे होते, दुसरे वणव्यात जळलेले. तिसऱ्या रानात एक जुना उंबर होता. त्याच्या खोडातली ढोली चिखलाने लिंपलेली होती, आणि त्या लिंपणात बोटभर फट ठेवलेली होती. एक धनेश पक्षी आपल्या मोठ्या चोचीने त्या फटीतून आत फळ देत होता. देऊन झाल्यावर तो वळला आणि माणसाच्या वाणीने बोलला.

"राजकन्ये, तुला काय हवे?"

"माझा भाऊ शापाने अजगर झाला आहे. खाऊन खाऊन तो मरणाला टेकला आहे. उपाय सांग."

"आत माझी मादी आहे," धनेश म्हणाला. "पिले मोठी होईपर्यंत ती बाहेर येऊ शकत नाही. मी जास्त फळे टाकली तर ती आत कुजतात आणि पिले मरतात. टाकली नाहीत तर मादी मरते. म्हणून भरवणे म्हणजे काय ते मला विचार. तुझा भाऊ तोंड का उघडतो?"

"भुकेने."

"नाही. रानात पुढचा घास कधी मिळेल हे अजगराला ठाऊक नसते. म्हणून समोर येईल ते तो घेतो, पोट भरलेले असले तरी घेतो. त्याच्या उघड्या तोंडावर विश्वास ठेवू नकोस. त्याच्या अंगाकडे पाहा."

"मग मी काय करू?"

"तीन कामे आहेत. पहिले: त्याच्या कमरेहून जाड असे काहीही त्याच्या तोंडी जाऊ देऊ नकोस. आणि एकदा दिलेस की पोटाचा फुगवटा पुरता उतरू दे; त्यानंतरही तेवढाच काळ जाऊ दे, मगच दुसरे. दुसरे काम: खाल्ल्यावर त्याला कुणी हात लावता कामा नये, उचलता कामा नये. तिसरे काम तुझे नाही. त्याच्या आईने त्याच्या उघड्या तोंडासमोर घास घेऊन उभे राहावे, आणि तो घास परत न्यावा. शाप तिच्या हातून लागला आहे. तिच्याच हाताने तो सुटेल."

मृणालवतीने हात जोडले. धनेश फळे आणायला उडून गेला.

परत येऊन तिने राणीला शब्दन् शब्द सांगितला. राणीने सगळे ऐकून घेतले. तिचे ओठ पांढरे पडले.

"मृणाल, मी एका लेकराला थांब म्हटले होते. ते लेकरू मेले. आता माझ्या लेकराला थांब म्हणू?"

"आईसाहेब, दादा उपाशी नाही."

"तीसुद्धा उपाशी दिसत नव्हती," राणी म्हणाली. "निजल्यासारखी दिसत होती."

आणि त्याच दिवशी राणीने अजगरापुढे एक पुरते वाढलेले हरीण सोडले.

अजगराने ते मारले. गिळायला त्याला सबंध दिवस लागला. पोट ताणून कातडी चिरू लागली. दुसऱ्या दिवशी त्याच्या अंगातून एक लाट उठली, आणि त्याने ते हरीण परत बाहेर टाकले. अर्धवट विरघळलेले, केस गळालेले, शिंगांना रक्त लागलेले. दालनात उभे राहवेना अशी दुर्गंधी सुटली. अजगर त्याच घाणीत पालथा पडला, उताणा झाला, आणि हलेनासा झाला.

राणी तिथेच कोसळली. शुद्धीवर आल्यावर तिने दालनाची किल्ली कमरेची काढली आणि मुलीपुढे टाकली. "मी त्याला मारले," एवढेच ती बोलली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

मृणालवतीने फरशी धुतली. ओल्या फडक्याने भावाचे तोंड पुसले. मग दाराला आतून कडी घातली आणि तिथेच राहायला लागली.

तिने त्याला काहीही दिले नाही. कुंडात ताजे पाणी भरले, उन्हाच्या वेळी खिडक्या उघडल्या, एवढेच केले. बाहेर बकऱ्यांची रांग तशीच होती. पुजारी हाका मारीत, लोक दार ठोठावीत. ती कुणालाही उत्तर देत नसे. चंद्र वाढला, घटला, पुन्हा वाढला, तेव्हा तिने त्याच्यापुढे एक लहानसा ससा सोडला. त्याने तो घेतला. गिळून झाल्यावर त्याने डोके उचलून तिच्याकडे पाहिले, तोंड उघडले आणि तसेच उघडे ठेवले.

आपण आपल्या भावाला उपाशी मारीत आहोत, असे त्या क्षणी मृणालवतीला खरोखरच वाटले. तिने गुडघ्यात तोंड खुपसले आणि त्याचे तोंड मिटेपर्यंत ती वर पाहू शकली नाही. असे पहिले काम सुरू झाले, आणि ते दर घासाला नव्याने करावे लागले.

गावात बोलवा उठली की राजकन्येला सिंहासन हवे आहे. त्यातच पावसाला उशीर झाला. पुजारी म्हणाले, युवराज रुष्ट आहेत. त्यांना पालखीत घालून नगरातून मिरवले पाहिजे. जमाव दालनापाशी आला तेव्हा अजगराने नुकतेच भक्ष्य गिळलेले होते. पोटाचा फुगवटा स्पष्ट दिसत होता.

मृणालवती बाहेर येऊन दारात उभी राहिली.

मुख्य पुजारी म्हणाले, "राजकन्ये, वाट सोडा."

"त्याचे पोट उतरेपर्यंत त्याला कुणी शिवायचे नाही."

"तो आमचा रक्षक आहे."

"तो माझा भाऊ आहे," ती म्हणाली. "आज हलवलात तर तो खाल्लेले टाकील. या वेळी टाकले तर पुन्हा उठायचा नाही."

कुणीतरी दगड भिरकावला. तो तिच्या कपाळावर बसला आणि रक्त भुवईवरून खाली आले. ती पडली नाही, आणि तिने हात वर करून रक्त पुसलेही नाही. दोन्ही हातांनी तिने दाराची चौकट धरली होती. दुसरा दगड कुणी उचलला नाही. लोक एकेक करून गेले. पालखी मात्र अंगणातच पडून राहिली.

महिने गेले. अजगराच्या कुशीच्या घड्या विरल्या. खवले पुन्हा एकमेकांना भिडले. श्वासातली शीळ कमी झाली, पुरती गेली नाही. एके सकाळी मृणालवतीने पाहिले तर तो चिंचेच्या शेंड्याजवळच्या फांदीवर वेटोळे घालून बसला होता.

इकडे राणीला बरे वाटू लागले. एका दासीने काळजीने तिच्या कानावर घातले, "राणीसाहेब, युवराजांना खाऊन फार दिवस झाले. पोट पाठीला लागले म्हणतात." राणी अंथरुणातून उठली. तिने स्वतः गोठ्यात जाऊन एक करडू निवडले, ते छातीशी धरले आणि भर दुपारी दालनात आली. पाण्यासाठी दार उघडे ठेवून मृणालवती कुंड भरीत होती.

"आईसाहेब, मागे व्हा. तुमच्या हातांना करडाचा वास आहे."

"माझ्या मुलाजवळ जायला मला कुणाची परवानगी नको," राणी म्हणाली. करडू खाली ठेवून तिने उजवा हात फांदीकडे केला. "रत्ना, बाळा, बघ कोण आले आहे."

अजगर सुटला. त्याचे दात राणीच्या मनगटात रुतले, आणि पाठोपाठ सबंध अंग फांदीवरून उतरून तिच्या हाताभोवती आवळले गेले. एक विळखा, दुसरा, तिसरा. तिसऱ्या विळख्याला हाडे मोडल्याचा आवाज झाला.

राणी ओरडली नाही. ती त्याच्या डोळ्यांत पाहत राहिली, आणि त्या डोळ्यांत तिला काहीही दिसले नाही. राग नव्हता, ओळख नव्हती.

मृणालवतीने भिंतीवर टांगलेल्या तलवारीला हात घातला नाही. तिने अजगराची शेपटी पकडली, आणि शेपटीकडून एकेक विळखा उलगडत गेली. मग कुंडातले गार पाणी त्याच्या तोंडावर ओतले. जबडा सुटला. दोघी मायलेकी भिंतीशी पडल्या. राणीचा हात कोपरापासून भलत्याच दिशेला लोंबत होता.

"त्याने मला ओळखले नाही," राणी म्हणाली.

"त्याने वास ओळखला."

"मग इतके दिवस तो माझ्यासाठी तोंड उघडीत होता, ते..."

"ते करडासाठी होते, आईसाहेब."

राणीने डोळे मिटले. मृणालवतीने ओढणी फाडून तिचा हात गळ्यात बांधला आणि तिला दाराकडे नेऊ लागली. पण राणी थांबली. करडू कोपऱ्यात थरथरत उभे होते, आणि अजगर संथपणे फरशीवर उतरला होता. त्याने डोके उचलले. तोंड उघडले.

राणीने डाव्या हाताने करडू उचलले. मृणालवतीला पुढे धावावेसे वाटले. पण तिसरे काम तिचे नव्हते.

करडू घेऊन राणी मुलासमोर उभी राहिली. अजगर सरकत तिच्या पायांपर्यंत आला, तिच्या गुडघ्याएवढा उभा राहिला. उघड्या तोंडातले मागे वळलेले दात तिला मोजता आले असते.

"नाही, बाळा," राणी म्हणाली. "आज नाही. तुझी वेळ झालेली नाही. तू मरणार नाहीस. मी इथेच आहे."

ती पाठ न फिरवता मागे सरत गेली. दार गाठले, करडू बाहेर सोडले, दार लावले, आणि परत येऊन रिकाम्या हाताने फरशीवर बसली.

अजगर बराच वेळ तसाच उभा होता. मग त्याने तोंड मिटले. त्याचे डोळे दुधासारखे पांढरे झाले, ओठांपाशी कात फाटली. तो दगडी कुंडाच्या कडेला अंग घाशीत पुढे सरकू लागला, आणि कात मागे राहू लागली. कातेतून आधी कपाळ निघाले, मग दोन खांदे, मग माणसाचे दोन हात. शेवटी फरशीवर एक कृश पुरुष पडला होता, ओला आणि थंडीने काकडणारा. तो युवराज रत्नांगद होता.

मृणालवतीने त्याच्यावर आपला शेला टाकला. त्याने पहिला शब्द उच्चारला तो फार प्रयासाने.

"आई, तुझा हात."

"राहू दे," राणी म्हणाली.

दूर डोंगरात काळजंघाला आपली विद्या अंगातून गळून जाताना जाणवली. तो चालत राजद्वारी आला. पहारेकऱ्यांनी भाले रोखले. राणीने ते खाली करवले आणि ती एकटी त्याच्यापुढे गेली.

"मुलगा वाचला का?" त्याने विचारले.

"वाचला."

राणीने विचारले, "तुमच्या मुलीचे नाव काय होते? त्या दिवशी मी विचारले नाही."

"सोनकी."

"सोनकी," राणी म्हणाली. तिने क्षमा मागितली नाही, कारण मागण्यासारखी ती गोष्ट नव्हती. काळजंघ उंबऱ्याबाहेर बसला आणि रडला. मुलगी गेल्यापासून तो रडला नव्हता. त्याचे रडणे संपेपर्यंत राणी त्याच्याजवळ उन्हात उभी होती. मग तो उठून गेला, आणि त्याने पुन्हा कुणाला शाप दिल्याचे ऐकिवात नाही.

दालनाबाहेर बांधलेल्या बकऱ्या ज्याच्या त्याला परत गेल्या. पाऊस पडायचा तेव्हा पडला. अभिषेक मृणालवतीचा झाला, कारण रत्नांगदाच्या छातीतली शीळ कधीच पुरती थांबली नाही आणि वैद्यांनी त्याला राज्याचा भार घेऊ दिला नाही. तो वाड्यातच राहिला, उन्हात बसत असे, कमी बोलत असे. फार वर्षे तो जगणार नाही हे तिघांनाही ठाऊक होते.

राणीचा उजवा हात पुन्हा कामाला आला नाही. डाव्या हाताने तिला जेवायला जमेना. तेव्हा रोज दुपारी रत्नांगद तिच्या शेजारी पाट मांडी, भात कालवी, आणि लहान लहान घास करून तिला भरवी. एक घास गिळून होईपर्यंत तो दुसरा उचलत नसे. काही घास झाले की राणी मान हलवी.

आणि रत्नांगद हात धुवायला उठे.